डॉक्टरांनी ‘एका स्टडीत येता का?’ असं विचारलं तर: रुग्ण आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत नंबर लागतो, तपासणी होते, आणि निघता निघता कुणीतरी म्हणतं, “आमच्याकडे एक स्टडी चालू आहे, वाचून बघा.” हातात आठ-दहा पानांचं माहितीपत्रक येतं. ते वाचण्याआधी आणि वाचल्यानंतर लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण इथे झालेलं काम खरोखर मोठं आहे आणि आपल्याच लोकांना त्याची फारशी माहिती नसते.

म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का?

हो. हे गोलगोल न बोलता सांगितलेलं बरं. उपचारात डॉक्टर फक्त तुमचा विचार करतात. संशोधनात एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं आणि त्यासाठी तुमची मदत हवी असते. त्यातून तुमचा फायदा होईल किंवा होणार नाही, पण पुढच्या रुग्णाला उत्तर मिळेल. समोरचे डॉक्टर तेच असतात, म्हणून घोटाळा होतो. “डॉक्टर सांगतायत म्हणजे माझ्या भल्याचंच असणार” असं धरून सही करू नका. “यात माझ्यासाठी काय आहे आणि स्टडीसाठी काय आहे?” असं सरळ विचारा. चांगला संशोधक या प्रश्नाने रागावत नाही.

प्रयोग म्हणजे नवीन, न वापरलेलं औषधच असतं असंही नाही. अनेकदा जुनंच औषध, नेहमीचीच शस्त्रक्रिया, पण क्रम किंवा वेळ वेगळी, एवढाच फरक असतो.

स्टडी म्हणजे नेमकं काय काय असतं?

सर्वांत साध्या प्रकारात तुम्हाला कुठलंही औषध देत नाहीत, फक्त नोंदी ठेवतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत असा अभ्यास सुरू केला. बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन-उंची, गरोदरपणातला आहार, रक्तातली जीवनसत्त्वं, मग बाळाचं वजन, डोक्याचा घेर, कातडीखालच्या चरबीची जाडी असं सगळं मोजलं. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. पण कमी होतं ते स्नायूंचं आणि पोटातल्या अवयवांचं वजन. पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळं, आतून चरबीचं बाळ! याच मुलांचा पुढे वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आणि आईच्या अंगात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसते, असं पुढे आलं. आपल्याकडे शिडशिडीत माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा त्या सहा गावांतून मिळाला. त्या बायकांनी एकही गोळी ‘प्रयोग’ म्हणून घेतली नव्हती. त्यांनी वेळ दिला आणि रक्त दिलं.

दुसऱ्या प्रकारात फक्त तुमचं रक्त, लघवी किंवा गाठीचा तुकडा प्रयोगशाळेला हवा असतो. तिसरा प्रकार म्हणजे क्लिनिकल ट्रायल, ज्यात औषध, लस किंवा उपकरण तपासतात. तिचे टप्पे असतात: पहिल्यात मोजक्या लोकांवर सुरक्षितता आणि डोस, दुसऱ्यात गुण येतो का याचा अंदाज, तिसऱ्यात शेकडो-हजारो लोकांवर आधीच्या उपचाराशी तुलना, चौथ्यात बाजारात आल्यानंतरची पाहणी. तुम्हाला विचारलेली ट्रायल कितव्या टप्प्याची आहे हे नक्की विचारा. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चिठ्ठी टाकून औषध का ठरवतात? कोणतं चांगलं हे डॉक्टरांना कळत नाही का?

प्रामाणिक उत्तर: बऱ्याचदा नाही कळत. याला महाडच्या विंचवाइतकं चांगलं उदाहरण नाही.

कोकणातला लाल विंचू चावला की अंगात अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. धडधाकट पोरं रातोरात जायची. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपली. ती १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं रक्तदाबाचं औषध वापरायला सुरुवात केली आणि मृत्यू झपाट्याने घटले.

पुढे विंचवावरची प्रतिविषाची लसही हाताशी आली. आता प्रश्न असा, की एकटं प्राझोसिन पुरेसं आहे की जोडीला प्रतिविष द्यायचं? डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं असतं तर स्वाभाविकपणे जास्त गंभीर रुग्णालाच प्रतिविष मिळालं असतं, त्यातले जास्त दगावले असते, आणि दोष प्रतिविषावर आला असता. म्हणून चिठ्ठी. सत्तर रुग्ण, पस्तीस-पस्तीसचे दोन गट. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते जोडीने औषध मिळालेल्यांत ३२, आणि एकट्या प्राझोसिनवर ८. हे २०११ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. कुणाला काय दिलं हे तिथे झाकलेलं नव्हतं, ही त्या अभ्यासाची मर्यादा खरी. पण ३२ विरुद्ध ८ हा फरक नुसत्या समजुतीने पडत नाही.

मला ‘खोटं औषध’ मिळालं तर?

म्हणजे प्लासिबो. रंग, आकार, चव हुबेहूब, आत औषध नाही. ज्या आजारावर सिद्ध झालेला उपचार आहे, तिथे तो काढून घेऊन नुसता प्लासिबो देणं सहसा नीतिबाह्य मानलं जातं. बहुतेक ट्रायलमध्ये नेहमीचा उपचार दोन्ही गटांना चालू राहतो आणि वरून एकाला नवं औषध, दुसऱ्याला प्लासिबो मिळतो. माहितीपत्रकात “प्रमाणित उपचारासोबत” असं लिहिलंय का ते पाहा. लिहिलेलं नसेल तर तिथेच थांबा आणि विचारा.

हा वाद नुसता कागदावरचा नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, लावून पांढरे पडणारे डाग शोधले. उरलेल्या वस्त्यांत आरोग्यशिक्षण दिलं, तपासणी केली नाही. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. गर्भाशयमुखाच्या पेशी प्रयोगशाळेत तपासण्याची (पॅप तपासणीची) सोय नसलेल्या देशांसाठी हे मोठंच उत्तर होतं. पण परदेशातल्या काही डॉक्टरांनी विचारलं, की तपासणीचा फायदा आधीच माहीत असताना निम्म्या बायकांना ती का नाकारली? संशोधकांचं म्हणणं, भारतात तेव्हा अशा बायकांना कुठलीच तपासणी मिळत नव्हती, मग तुलना त्या परिस्थितीशीच होणार.

मला विचाराल तर संशोधकांचा युक्तिवाद चुकीचा नाही, पण अवघडच आहे. गरिबांना आज काही मिळत नाही, म्हणून अभ्यासातही त्यांना काही न देणं चालेल, असं एकदा म्हटलं की ते कुठवर जाईल हे सांगता येत नाही.

‘नाही’ म्हटलं तर उपचार बंद होतील का?

नाही. आज हो म्हणून पुढच्या महिन्यात बाहेर पडलात तरी नाही, आणि कारण सांगण्याचं बंधनही नाही. फक्त न सांगता औषध सोडू नका. काही औषधं हळूहळूच कमी करावी लागतात.

तरी दडपण असतंच हे आम्हाला कळतं. म्हणून वॉर्डातले कर्मचारी, वैद्यकीय विद्यार्थी, कैदी, अगदी गरीब रुग्ण यांना नियमांत वेगळं संरक्षण आहे. १८९७ मध्ये असं काही नव्हतं. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली, १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. न टोचलेले कैदी आपोआप तुलनेचा गट ठरले. लस उपयोगी ठरली, इतिहास झाला. पण तुरुंगात, भोवती प्लेग असताना पुढे आलेल्या माणसाला खुषीने आला म्हणायचं का? आज संशोधनाला परवानगी देणाऱ्या कुठल्याही नीतिसमितीने यावर तास-दोन तास खल केला असता.

संमतीपत्र इतकं लांबलचक असतं. त्यात नेमकं काय बघायचं?

खरं आहे, बरीचशी पत्रकं वकिलांसाठी लिहिल्यासारखी असतात. मराठी तर कधी कधी असं असतं की इंग्रजी परवडलं. तरी चार गोष्टी शोधा: नेहमीच्या उपचारापेक्षा जास्तीचं काय होणार (किती खेपा, किती वेळा सुई, किती स्कॅन), माहीत असलेले त्रास कोणते, खर्च कोणाचा, आणि काही झालं तर कोणाला फोन करायचा. पत्रक घरी न्या. घरच्यांना दाखवा, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. “आत्ताच सही करा, स्लॉट भरतोय” असं कुणी म्हणालं तर तेवढ्यावरूनच नकार द्यायला हरकत नाही. सही केलेल्या प्रतीवर तुमचा हक्क आहे, मागून घ्या.

लिहिता-वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. त्याच्यादेखत सगळं वाचून दाखवायचं आणि मग अंगठा. अगदी नव्या औषधाची ट्रायल असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल तर संमतीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी ओळख झाकावी म्हणून नुसतं ध्वनिमुद्रण चालतं. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागतेच, शिवाय सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकार घ्यायचा असतो आणि बारा वर्षांनंतर तो लेखी घ्यायचा असतो.

हे सगळं का आलं? २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची लस, देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं. तरी प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला आणि संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. लस चांगली असूनही सह्यांतल्या हलगर्जीपणाने लोकांचा विश्वास उडाला.

रक्त किती घेतात आणि पुढे त्याचं काय होतं?

साधारण दहा मिली, म्हणजे दोन छोटे चमचे. ते वेगवेगळ्या नळ्यांत जातं. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात, करड्या टोपणाची साखरेसाठी. जांभळी नळी सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरागरा फिरवली की तीन थर दिसतात: वर पिवळसर प्लाझ्मा, खाली लाल पेशी, आणि मधे सायीसारखा पातळ पांढरा थर. डीएनए मिळतो तो या मधल्या थरातून. पिपेटने तो उचलताना हात जरा हलला की लाल पेशी मिसळतात आणि सॅम्पल बिघडतं. मग छोट्या कुप्या भरतात, त्यांवर नावाऐवजी क्रमांक चिकटवतात, आणि त्या उणे ८० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये जातात. तिथे त्या वर्षानुवर्षं राहू शकतात.

म्हणूनच संमतीपत्रात सॅम्पलचा वेगळा रकाना असतो: फक्त याच अभ्यासासाठी की पुढच्याही? परदेशी पाठवायचं का? उरलेलं नष्ट करायचं का? प्रत्येकाला वेगवेगळं हो-नाही म्हणता येतं. बहुतेक लोक सगळ्यावर एकदम टिक करतात. वाचून करा.

आणि हो, प्रयोगशाळेतला निकाल तुम्हाला कळवतीलच असं नाही. तो संशोधनाचा निकाल असतो, तुमचा रिपोर्ट नसतो. पण त्यात तुमच्या तब्येतीसाठी महत्त्वाचं काही निघालं तर सांगणार का, हे आधीच विचारून ठेवा.

एका नळीतून काय निघेल याचा नेम नसतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे चाचणीत ‘ओ’ गटासारखं दिसायचं पण ‘ओ’ गटाच्या रक्ताशीही जुळायचं नाही. तोच जगभर ओळखला जाणारा बॉम्बे ब्लड ग्रुप.

आधी उंदरांवर तपासतात का?

नवं औषध असेल तर आधी पेशींवर, मग बहुधा प्राण्यांवर. नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतात प्राण्यांऐवजी इतर आधुनिक पद्धतींचे पुरावेही ग्राह्य धरले जातात. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेत घडवलेली आणि टाटा मेमोरियलच्या रुग्णांवर तपासलेली कार-टी उपचारपद्धती आधी पेशी, मग प्राणी, मग रुग्ण याच वाटेने गेली: रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांना कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचं, परत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली.

संशोधनाला मोठं हॉस्पिटल आणि महागडी यंत्रं लागतातच ना?

गडचिरोलीत नाही लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं: ऊब, अंगावरचं दूध, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन. ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी निघाला. हे १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरभेटी देतात. त्याआधी न्यूमोनियाच्या कामात दाईंना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ असं साधन केलं होतं. गावातल्या बाईच्या हातात इंजेक्शन देण्यावर तेव्हा बरीच टीका झाली. टीकाकारांकडे भीती होती, बंगांकडे आकडे होते.

पैसे मिळतात का?

स्टडीतलं औषध आणि जास्तीच्या तपासण्या फुकट असतात, येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळू शकते. निरोगी स्वयंसेवकांच्या चाचण्यांत मोबदला असतो. काही तरुण एका चाचणीतून दुसऱ्या चाचणीत उड्या मारतात. कृपा करून हे करू नका. आधीचं औषध अंगात असताना दुसरं घेणं जिवावर बेतू शकतं, आणि निकाल चुकतो तो वेगळाच.

आणि काही झालंच तर?

ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत तो चालू ठेवायचा असतो. गंभीर घटना डॉक्टरांनी २४ तासांच्या आत कळवायची असते. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर २०१९ च्या नियमांत भरपाईचं सूत्र आहे: आठ लाखांची मूळ रक्कम, तिला वयाचा आणि आधीच्या प्रकृतीचा गुणक. हिशेब साधारण चार लाखांपासून ७३.६० लाखांपर्यंत जातो. माणूस जितका वयस्क आणि जितका आजारी, तितकी रक्कम कमी. गणित म्हणून समजतं, नातेवाइकांना समजावताना जड जातं.

पेपरात ‘२६ टक्के फायदा’ छापून येतं. खरं मानायचं का?

कशातले २६ टक्के, ते विचारा. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने देशातल्या अकरा केंद्रांवर स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १६०० रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं. तेच, जे दातांचे डॉक्टर बधीर करायला वापरतात. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्या बायका: लिडोकेन मिळालेल्यांत ८६.६ टक्के, न मिळालेल्यांत ८२.६ टक्के. आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका तुलनेने २६ टक्क्यांनी कमी, हे खरंच. पण शंभर बायकांमागे हिशेब केला तर फायदा चौघींना. बातमीत २६ येतात, माणसं चार असतात. आणि तरीही, इतक्या स्वस्त इंजेक्शनसाठी शंभरात चार म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. दोन्ही आकडे एकत्र पाहिले तरच ती कळते.

स्टडी संपल्यावर गुण आलेलं औषध चालू राहील का?

हमी नाही. दुसरा उपचार उपलब्ध नसेल, डॉक्टरांनी शिफारस केली आणि नीतिसमितीने मान्य केलं, तर कंपनीने ते मोफत द्यावं अशी तरतूद आहे. आधीच विचारा, शेवटच्या खेपेला नव्हे.

ही ट्रायल खरी आहे हे कसं तपासायचं? तक्रार कुठे करायची?

माहितीपत्रकावर सीटीआरआय (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) क्रमांक असतो, त्यात नोंदणीचं वर्ष आणि महिनाही दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही नोंदवही २००७ पासून सर्वांना खुली आहे. तिथे क्रमांक टाकला की ट्रायल कोणाची, पैसे कोणाचे, किती रुग्ण घेणार आणि मुख्यतः काय मोजणार हे दिसतं. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक नसेल किंवा नोंदीतलं हॉस्पिटलचं नाव वेगळंच असेल तर सही करू नका.

तक्रारीसाठी नीतिसमिती आहे. तिच्यात किमान सात जण असतात, त्यातले निदान निम्मे त्या संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचे, आणि एक कायदेतज्ज्ञ, एक महिला, एक सर्वसामान्य नागरिक असावाच लागतो. सदस्य-सचिवांचं नाव आणि फोन माहितीपत्रकाच्या शेवटी छापलेला असतो. सही करण्याआधी एकदा तो नंबर लावून बघा. कुणीच उचलत नसेल तर तेही तुम्हाला काहीतरी सांगून जातं. पुढची दाद केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे मागता येते. साधा अर्ज पुरतो, वकील लागत नाही. सोबत संमतीपत्राची तुमची प्रत जोडा.